दहा काठ्यांना कुंकू

आप्पांचा फोन मला कधी येत नाही. कासुर्डीहून फोन यायचा तो शालनआत्याचा, तोही दुपारची जेवणं उरकल्यावर, आणि सुरुवात ठरलेली असायची, "नंदे, जेवलीस का?" गणपतीच्या आदल्या आठवड्यात, सकाळी साडेअकराला, शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या माझ्या टूर्सच्या ऑफिसात अष्टविनायकाच्या बसवाल्याशी सीटांवरून हुज्जत चालू होती. तेवढ्यात मोबाइलवर 'आप्पा कासुर्डी' असं नाव आलं. फोन उचलून मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. मी विचारलं, "काय केलंत तिला?" आप्पा म्हणाले, "काय न्हाई केलं गं. या वक्ताला काय न्हाई केलं."

आत्या झेंडूच्या तोडणीला पहाटेच रानात गेली होती. पाटी भरली, उचलायला वाकली आणि तिथंच बसली ती बसलीच. दौंडच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे गाडी हाणताना मी रडत नव्हते, मी संतापले होते. कुणावर ते तेव्हा कळत नव्हतं. बाई गेली आणि तिच्या नवऱ्याला मी पहिला प्रश्न काय विचारला, हे मला माहीत होतं. तो प्रश्न मी का विचारला आणि आप्पांनी त्याचं वाईट का वाटून घेतलं नाही, हे सांगितल्याशिवाय आत्याबद्दल लिहिण्यात काही अर्थ नाही. ती मायाळू होती, कष्टाळू होती, तिच्या हाताला चव होती, वगैरे सगळं खरं आहे. पण ते कुणाबद्दलही लिहिता येतं.

शालनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कासुर्डीला दिली, फुलांची शेती असलेल्या घरात. आप्पा म्हणजे तिचे यजमान. ते मात्र शेतात कमी आणि पुण्यात जास्त. वयाच्या पंधराव्या वर्षापासून पुण्यातल्या एका जुन्या गोल्फच्या मैदानावर ते कॅडी होते. कॅडी म्हणजे खेळणाऱ्या साहेबाची काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्यामागे चार-पाच मैल चालणारा माणूस. कुठली काठी द्यायची ते ओळखायचं, चेंडू शोधायचा आणि साहेबानं काठी हाणून हिरवळीचं ढेकूळ उडवलं की ते उचलून आणून पुन्हा होतं तिथं बसवायचं, वर पायानं दाबायचं. आप्पा म्हणायचे, "माजा जलम दुसऱ्यानं उकरल्यालं बुजवन्यात गेला." शेवटची काही वर्षं ते कॅडीमास्तर झाले, पण बुजवणं सुटलं नाही.

आप्पांचा हात वाईट होता. आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं असायचे. भाकरी गार आहे म्हणून ताट भिंतीवर आपटताना मी त्यांना पाहिलंय. आमटीचा ओघळ भिंतीवरून खाली येत होता आणि आत्या तो पुसत होती, आणि पुसताना तिची वेणी त्यांच्या मुठीत होती. मी सात-आठ वर्षांची असेन. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "नांदणाऱ्या बाईला एवढंतेवढं सोसावं लागतं." माझे वडील भले गृहस्थ होते असं लोक म्हणतात. असतील. या एका वाक्यासाठी मी त्यांना माफ केलेलं नाही.

मी बारावीला होते तेव्हा आत्याचं डावं मनगट मोडलं. विहिरीच्या पायरीवरून पडली, असं कळलं. हाडवैद्याकडं नेलं, त्यानं वाकडंच बसवलं. तेव्हापासून तिचा तो हात जरा बाहेर वळलेला असायचा. त्याच हातानं ती भाकरी थापायची, फुलं खुडायची, आणि मी चिडवायचे, "आत्या, तुझा हात सारखा रस्ता दाखवतोय बघ." ती हसायची... मला वाटायचं, गंमत आवडते तिला.

गेल्या वर्षी आप्पा निवृत्त झाले. मैदानावरच्या जुन्या खेळाडूंनी मिळून त्यांना भेट दिली. शाल-श्रीफळ नाही, तर नवरा-बायकोला चार दिवसांची गोल्फची सुट्टी, देशात जिथं मैदान असेल तिथं. आप्पांच्या मनात एकच होतं. आयुष्यात एकदा आपण खेळावं आणि आपली बॅग दुसऱ्यानं उचलावी. त्यांच्याकडं साहेबांनी टाकून दिलेल्या अकरा काठ्या होत्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. फुलांचा प्लॉट मोडला की त्या मोकळ्या वावरात ते चेंडू मारायचे. ते माझ्या ऑफिसात आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "कुठं जायाचं ते शालन ठरवंल. ती आली तर जायाचं, न्हाई तर न्हाई." मला नवल वाटलं. या माणसानं बायकोला साडीचा रंग कधी विचारला नव्हता.

मग मी लागले कामाला. पंधरा वर्षं मी लोकांना फिरायला पाठवते, म्हाताऱ्या जोडप्यांचं मला सगळं पाठ आहे. गुडघे, गरम पाणी, पायऱ्या, साधं जेवण, जवळ दवाखाना. तीन ठिकाणं काढली. काश्मीर, उटी आणि गोवा. फोटो घेऊन कासुर्डीला गेले. आत्यानं फोटो पदराला हात पुसून घेतले, एकेक पाहिला, देवदाराची झाडं पाहिली, बर्फाचे डोंगर पाहिले आणि विचारलं,

"तितं काठ्या रातच्या कुठं ठेवत्यात?"

मी म्हटलं, "कसल्या काठ्या?"

"ह्येंच्या. खेळायच्या. खोलीत ठेवत्यात का भाईर?"

"आत्या, काठ्या कुठं का ठेवंनात. थंडी किती असती ते इचार की."

"थंडीचं बगू. आन् खोलीला आतनं कडी हाय का?"

मला हसू आलं. खेड्यातली बाई, चोरांना भीत असेल. तिनं तोच प्रश्न पुढच्या फोनवर विचारला, त्याच्या पुढच्याही. शेवटी मी तिन्हीकडं फोन लावले. काश्मीरचा मॅनेजर अभिमानानं म्हणाला, बॅग थेट तुमच्या कॉटेजमध्ये येईल, पलंगाच्या शेजारी खास स्टँड आहे. गोव्यातही तसंच. उटीचं ठिकाण जुन्या वळणाचं, तिथं नियम होता की संध्याकाळी सगळ्या बॅगा क्लबच्या इमारतीत एका खोलीत जमा करायच्या, पहारेकरी कुलूप लावतो, सकाळी उघडतो. मला वाटलं, ही केवढी गैरसोय. वयस्कर माणसांनी रोज उठून बॅग आणायला इतकं लांब जायचं का? मी काश्मीर बुक केलं. फोन करून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आत्या, काळजीच मिटली. काठ्या तुझ्या उशालाच."

ती म्हणाली, "बरं."

दोन दिवसांनी आप्पांचा निरोप आला की शालन नको म्हणते, तिचे गुडघे दुखतात. माझं डोकं फिरलं. महिनाभर खपले, आणि ही बया आता गुडघे काढते. खंडेनवमीचा दिवस होता. ऑफिस बंद ठेवून मी तिला झाडायलाच कासुर्डीला गेले.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते हे सांगायला नको. अंगणात शेणसडा घातलेला होता. पोत्यावर कोयता, विळे, खुरपी, टिकाव, औषध मारायचा पंप ओळीनं मांडलेला. आणि त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकवून, आप्पांच्या अकरा काठ्या. ज्यावर पोट चालतं ते हत्यार, त्यामुळं त्याही पूजेत. आप्पा झेंडूची फुलं घेऊन उभे होते. आत्या एकेका काठीच्या लोखंडी टोकाला हळद लावत होती, कुंकू लावत होती. शेवटची झाली आणि ती उठली. माझं लक्ष गेलं. ओळीत मधल्या एका काठीला काहीच लावलेलं नव्हतं. तिच्या टोकावर सातचा आकडा होता.

"आत्या, एक राहिली," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, वाकून वाकून कंबर भरली असेल. मी करंड्यात बोट बुडवलं आणि त्या काठीकडं वाकले. आत्यानं माझं मनगट धरलं. त्या वाकड्या हातानं. इतक्या जोरात की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"तिला न्हाई," ती म्हणाली. "सव्वीस वर्सं न्हाई."

आणि मग अंगणात उभ्याउभ्या, आप्पांच्या देखत, तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. सव्वीस वर्षांपूर्वी पुण्यात एक साहेब हरला होता. हरला तो याच काठीनं, म्हणून त्यानं ती फेकली, ती आप्पांच्या नडगीवर बसली, कातडं सोललं. सगळे हसले. साहेब म्हणाला, घेऊन जा ती. आप्पा लंगडत घरी आले आणि काठी दाराशी ठेवली. आत्यानं रक्त पाहिलं, काठी पाहिली, आणि विचारलं, "त्येनं मारलं, आन् तुमी त्येचीच काठी घिऊन आलात व्हय?"

एवढंच विचारलं होतं. आप्पांनी तीच काठी उचलली. आत्यानं तोंड वाचवायला हात वर केला. आवाज कसा आला तेही तिनं सांगितलं, मी इथं लिहीत नाही.

"इहिरीवर पडली आसं लोकांस्नी मीच सांगितलं," आप्पा म्हणाले. फुलं त्यांच्या हातातच होती.

मला पुढचं धड आठवत नाही. मी ती काठी उचलली एवढं आठवतं. हलकी असते ती, वाटते त्याहून फार हलकी आणि टोकाला जड, फिरवली की आपोआपच जोर धरते. मी आप्पांच्या अंगावर धावून गेले. मारणारच होते, मी खोटं कशाला सांगू. शेवटच्या क्षणी हात वळला आणि काठी त्यांच्या शेजारच्या पाण्याच्या पत्र्याच्या पिंपावर बसली. कोंबड्या फडफडत पळाल्या. मी पुन्हा मारली, पुन्हा मारली, पिंपाला केवढा पोचा आला. आप्पा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मार गं. मला मार."

आत्या मध्ये आली. "ठिव ती खाली," ती म्हणाली. "त्ये तुजं काम न्हाई."

मी ठेवली. आत्यानं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, त्याच पिंपातलं. मग सांगितलं की दुसऱ्या दिवशी मोडक्या हातानं तिनं ती काठी आणि बाकीच्याही सगळ्या नेऊन गोठ्यात टाकल्या होत्या आणि आप्पांना म्हटलं होतं, ह्या घरात आल्या तर मी घरात न्हाई. तेव्हापासून रोज संध्याकाळी काठ्यांची बॅग गोठ्यात, गोठ्याला कुलूप, आणि आत्या स्वतः जाऊन ते एकदा ओढून पाहणार. आणि ती एकटी निजायची त्या खोलीला आतून कडी. "त्येच्या मागनं ह्येंनी हात उचलला न्हाई," ती म्हणाली. "पर हात उचलला न्हाई म्हंजी भ्या गेलं, आसं न्हाई नंदे."

मी विचारलं, "मग ती काठी मोडून का टाकली नाहीस? विहिरीत का टाकली नाहीस?"

"आन् इसरून जाऊ व्हय? ऱ्हाऊ दे की. वरसातनं एकदा त्येंनी बगावं, मी बगावं."

मग पदर सावरून तिनं, जणू मधलं काही झालंच नाही अशा सुरात, विचारलं, "आता सांग, काठ्या रातच्या भाईर ठेवत्यात आसं ठिकान कंचं?"

मी ओट्यावर बसूनच फोन लावला. काश्मीर रद्द केलं, उटीला शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या. मॅनेजरला तीनदा विचारलं की कुलूप नक्की लागतं ना. तो म्हणाला, मॅडम, इतकी काळजी करणारा पाहुणा पहिल्यांदाच बघतोय. त्या मधल्या महिनाभरात मी किती शहाणपणानं गरम पाण्याची चौकशी करत होते ते आठवलं की मला अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तिनं तीनदा विचारलं होतं. सरळ शब्दांत विचारलं होतं.

मार्गशीर्षात ती दोघं उटीला गेली. परत आल्यावर आत्या माझ्याकडं दोन दिवस राहिली, निलगिरीचं तेल आणि चहाची पुडी घेऊन. पहिल्या संध्याकाळी ती आप्पांबरोबर बॅगांच्या त्या खोलीपर्यंत चालत गेली होती. पहारेकऱ्यानं कुलूप लावलं, आणि हिनं पुढं होऊन ते ओढून पाहिलं. तो बिचारा काही तरी त्याच्या भाषेत बोलला, बहुतेक वाईट वाटलं असणार. चारही दिवस तिनं हेच केलं, चौथ्या दिवशी तोच हसून बाजूला झाला. आप्पा खेळले. तिथल्या एका पिकल्या केसांच्या कॅडीनं त्यांची बॅग उचलली, आणि पहिल्या दिवशी आप्पा दर दहा पावलांवर ती त्याच्याकडून मागून घ्यायला बघत होते. हे सांगताना आत्याला हसू आवरेना.

"आन् शेवटच्या दिशी मी म्हन्लं, मला द्या एक काठी," ती म्हणाली. "म्हनले, कंची? म्हन्लं, सात नंबर."

सरावाची मोकळी जागा होती. आप्पांनी चेंडू मांडून दिला, काठी हातात दिली आणि मागं जाऊन उभे राहिले. आत्यानं काठी उचलली. चेंडूला तिनं शिवलंच नाही. तिनं जमीन मारली. दोन्ही हातांनी, डोक्यावरून, कुऱ्हाड घालतात तशी. हिरवळीची ढेकळं उडाली, माती तोंडावर आली, तरी पुन्हा मारली. किती वेळा ते तिनं मोजलं नाही. श्वास पुरेना तोवर. मोडक्या मनगटातून कळा येत होत्या, तरीही. लोक थांबून पाहायला लागले. तो कॅडी पुढं झाला तर आप्पांनी त्याला हातानं अडवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी दमले, आन् खाली बसले. ह्ये आले आन् गुडघं टेकून एकेक ढेकूळ हुडकून आनायला लागले. जितलं तितं बसवायचं, हातानं दाबायचं, वर पाय द्यायचा. अर्धा तास. माज्याकडं बगितलं न्हाई. रडत व्हते का काय, मला म्हाईत न्हाई, मीबी बगितलं न्हाई." मग ती म्हणाली, "ह्येंचं काम मी पैल्यांदाच बगितलं बग. चांगलं करत्यात."

मी विचारलं, तिथं तुझ्या खोलीला कडी लावलीस का? म्हणाली, चार राती नाही लावली. मी आनंदानं काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "घरी आल्यावर लावली." मी आणखी विचारलं, मग येत्या खंडेनवमीला सात नंबरला कुंकू? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी मूर्ख आहे हे सांगायची गरज उरली नाही. "त्ये येगळं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

खंडेनवमी आली तेव्हा ती नव्हती.

तेरावा गणपतीतच झाला. त्यानंतर मी कासुर्डीला गेले नव्हते. फोनवरच्या त्या प्रश्नाची माफी मागावी का, याचा निकाल मनाशी लागत नव्हता. अजून लागलेला नाही. या खंडेनवमीला सकाळी सकाळी गेले ते वाद घालायच्याच तयारीनं, की घरात माणूस गेलंय, वर्षभर सण नाही, आणि तुम्ही पूजा कसली मांडता? कारण मला खात्री होती की त्यांनी मांडली असणार. मांडली होतीच. पोतं, कोयता, विळे, पंप. पिंपाला माझा पोचा तसाच. आप्पा एकटेच उकिडवे बसले होते, पुढ्यात आत्याचा करंडा.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "सन न्हाई करत मी. गोडधोड न्हाई केलं. पर हत्यारास्नी काय सुतक सांगायचं?"

मी ओट्यावर बसले. ते एकेका काठीला अंगठ्यानं हळद लावत होते, कुंकू लावत होते. त्यांना सवय नाही, कुंकू सांडत होतं, बोटं लाल झाली होती. पाचवी झाली, सहावी झाली. मला वाटलं, आता मोकळं रान आहे, अडवणारं कुणी नाही, कुणाला कळणारही नाही. त्यांनी सात नंबरच्या काठीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अंगठा धोतराला पुसला, पुन्हा करंड्यात बुडवला आणि पुढच्या काठीला लावला. अकरावी झाल्यावर गुडघ्यावर हात ठेवून ते उठले.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, एक राहिली."

"न्हाई ऱ्हायली," ते म्हणाले.

संध्याकाळी मी निघाले तेव्हा त्यांनी अकरा काठ्या पुसून बॅगेत भरल्या. त्या घरात आता भिणारं कुणी नाही. तरी त्यांनी बॅग उचलली, गोठ्यात नेऊन ठेवली, दार लावलं, कुलूप घातलं, आणि जाताजाता मागं वळून ते एकदा ओढून पाहिलं.